हरवलेला थीसिस

"काका, तुमचा थीसिस हरवलाय," ऋता दारात बूट काढता काढता म्हणाली. "म्हणजे तुमच्याकडून नाही. लायब्ररीनं हरवलाय."

चंद्रशेखर देवस्थळी डायनिंग टेबलाशी बसले होते. समोर पिवळा कागद होता आणि त्यावर एकच ओळ झाली होती : फूरियेचे वडील शिंपी होते.

"कुठला थीसिस?" त्यांनी विचारलं.

"तुमचा! अजून कुठला?" ती मोजे वर ओढत आत आली. "सरप्राइज द्यायचं होतं, पण आता सांगूनच टाकते. पुढच्या रविवारी तुमचं भाषण झालं की तुमच्या थीसिसची छान बाइंड केलेली कॉपी मी तुम्हाला सगळ्यांसमोर देणार होते. कॅटलॉगमध्ये बघितलं, नाही. मायक्रोफिल्मच्या यादीत बघितलं, नाही. डिपार्टमेंटच्या जुन्या रजिस्टरमध्येपण नाव नाही. मी म्हटलं, हे टू मच आहे यार. एका इंडियन स्टुडंटनं एवढी वर्षं घासून काम केलं आणि यांनी ते जपूनपण ठेवलं नाही! मी रिटन कंप्लेंट केली. त्यांची एक बाई दोन दिवस बेसमेंटमध्ये शोधतेय."

स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी शुभाताई भाताला फोडणी देत होत्या. ऋताला त्यांचा फोडणीचा भात आवडायचा. ती नागपूरची, मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करत होती, हे चौथं वर्ष. ॲन आर्बरला आल्यापासून दर शनिवारी दुपारी ती बस पकडून या घरी जेवायला यायची.

"कशाला उगीच," देवस्थळी म्हणाले. "तीस वर्षं झाली त्याला. जाऊ दे."

"का जाऊ दे? वर्ष कुठलं होतं? पंच्याहत्तर ना?"

"पंच्याहत्तर."

"तुमच्याकडे एखादी कॉपी असेलच. तीच द्या, मी त्यांच्या टेबलावर नेऊन आपटते."

"होती," देवस्थळी म्हणाले. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं. "खाली बेसमेंटमध्ये पाणी शिरलं होतं एकदा. त्यात गेली."

स्वयंपाकघरातला उलथन्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

त्या घरात बेसमेंटमध्ये कधीच पाणी शिरलं नव्हतं.

देवस्थळींनी प्रबंध लिहिलाच नव्हता. दोन प्रकरणं लिहिली होती. एकाहत्तर साली ते सांगलीहून इथे आले, ओतीव लोखंडात उष्णता कशी पसरते या विषयावर काम करायला. चौथ्या वर्षी त्यांच्या प्राध्यापकांनी एक चूक काढली. दुसऱ्या प्रकरणात, पट्टीच्या कडेला उष्णता किती बाहेर जाते याची एक अट चुकीची धरली होती आणि पुढची तीन वर्षं तिच्यावर उभी होती. प्राध्यापक रागावले नाहीत. त्यांनी पेन्सिलीने तेवढ्या ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाले, इथून पुन्हा मांड, दीड वर्ष लागेल. देवस्थळींनी कागद गोळा केले, "थँक यू" म्हटलं आणि बाहेर पडले. परत त्या इमारतीत ते गेले नाहीत. त्यांना कोणी नापास केलं नव्हतं. आपली चूक ज्याला माहीत आहे त्या माणसासमोर रोज जाऊन बसणं त्यांना जमलं नव्हतं, एवढंच.

पुढच्याच महिन्यात त्यांना गाडीचे गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात, हीट ट्रीटमेंटच्या विभागात नोकरी लागली. घरी पत्र लिहिताना त्यांनी लिहिलं : "पीएच.डी.चं काम संपलं. इथेच नोकरी धरली आहे." संपलं हा शब्द त्यांनी बराच विचार करून लिहिला होता. वडील नगरपालिकेत कारकून होते. त्यांनी तो वाचला तो 'पूर्ण झालं' असा. तीन आठवड्यांनी उत्तरात वर्तमानपत्राचं कात्रण आलं. 'सांगलीच्या सुपुत्राला अमेरिकेत डॉक्टरेट.' खाली फोटोत वडील धोतर आणि काळ्या कोटात उभे होते. मुलगा परदेशात म्हणून मुलाचा हार त्यांच्या गळ्यात घातला होता.

खुलासा पुढच्या पत्रात करू, असं देवस्थळींनी ठरवलं. पुढच्या पत्रात आईच्या आजारपणाचं होतं. त्याच्या पुढच्या पत्रात मुलगी बघितल्याचं. लग्नपत्रिकेवर 'चि. डॉ. चंद्रशेखर' छापून आलं तेव्हा खुलाशाची वेळ निघून गेली होती. वडील त्र्याऐंशी साली वारले. त्यांच्या निधनाच्या बातमीतही 'डॉ. चंद्रशेखर यांचे वडील' असंच होतं.

कारखान्यात त्यांना कोणी डॉक्टर म्हणत नसे. तिथे ते शेकर होते. गिअर भट्टीत लाल करायचे, तेलात बुडवायचे, आणि दात तडकले तर का तडकले ते शोधायचं. एकतीस वर्षं त्यांनी हे काम केलं आणि चांगलं केलं. सोमवार ते शुक्रवार ते जे होते ते होते. शनिवार-रविवारी, गणपतीला, दिवाळीच्या फराळाला ते डॉक्टर देवस्थळी व्हायचे.

सगळ्यात वाईट होतं ते ऋताला सांगितलेलं. पहिल्याच हिवाळ्यात तिचा प्रयोग फसला होता. ती याच टेबलाशी बसून रडली, परत जाते म्हणाली, नागपूरला तिकीट बघत होती. तेव्हा देवस्थळींनी तिला सांगितलं होतं, "अगं, माझंसुद्धा चौथ्या वर्षी सगळं कोसळलं होतं. एका अटीवरून. मी पहिल्यापासून मांडलं. दीड वर्ष लागलं. पण झालं." ती डोळे पुसून भात जेवली होती आणि राहिली होती.

ई-मेल मंगळवारी सकाळी आली. पाठवणाऱ्या बाईचं नाव मार्लीन कोवाल्स्की. प्रबंधांचा साठा त्या सांभाळत होत्या. त्यांनी लिहिलं होतं, प्रिय डॉक्टर देवस्थळी, आपल्या प्रबंधाची प्रत आमच्याकडे मिळत नाही याचा मला मनापासून खेद होतो. मी तळघरातली त्या सालाच्या मागची आणि पुढची दोन-दोन वर्षं कपाटागणिक तपासली आहेत. इतक्या वर्षांच्या कष्टांची जबाबदारी आमच्यावर होती आणि आम्ही ती पाळली नाही. विभागाला मी तसा अहवाल देत आहे. चूक माझ्या काळात झाली असल्यास ती माझीच आहे.

देवस्थळींनी ती दोनदा वाचली. मग उठून खिडकीशी गेले. अंगणात मार्चचा मळकट बर्फ कडेकडेने उरला होता.

"अहो, काय झालं?" शुभाताईंनी विचारलं.

त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. शुभाताई चष्मा लावून वाचायला बसल्या.

"ही बाई तुमची माफी मागतेय," त्या वाचून झाल्यावर म्हणाल्या.

"हो."

"न केलेल्या चुकीची."

"हो."

देवस्थळी खुर्चीत बसले. "तुला केव्हा कळलं होतं?" त्यांनी विचारलं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती आणि हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता.

"पहिल्या हिवाळ्यातच. तुमच्या पेटीत ती दोन प्रकरणं होती. तिसरं नव्हतं."

"बोलली नाहीस."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग थांबायचीच सवय झाली." त्यांनी चष्मा काढला. "पण मी तुम्हाला चारचौघांत कधी डॉक्टर म्हटलं नाही. हे, आमचे हे, असंच म्हणत आले. तुमच्या लक्षात आलं नसेल."

लक्षात आलं नव्हतं. देवस्थळींनी एकोणतीस वर्षांतल्या पंगती, हळदीकुंकवं, विमानतळावरची निरोपाची बोलणी आठवून पाहिली. खरंच एकदाही नाही. आपल्या वाटणीचं खोटं या बाईने उचललं नाही आणि त्याची वाच्यताही केली नाही. त्यांना तिच्याकडे बघवेना.

टेबलावर भाषणाचे कागद पसरले होते. इथल्या मराठी मंडळाच्या वासंतिक व्याख्यानासाठी त्यांनी स्वतःच फूरियेचा विषय सुचवला होता. या फ्रेंच गणितीवर त्यांचा तरुणपणापासून जीव होता. शिंप्याचा पोर, दहाव्या वर्षी आईबाप गेलेले, क्रांतीत तुरुंगात जाऊन आलेला, नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेला. परत आल्यावर डोंगराळ मुलखात सरकारी अंमलदार म्हणून दलदली उपसून घेत आणि रस्ते बांधत त्याने उष्णतेचं गणित मांडलं. कसलीही वेडीवाकडी रेघ साध्या लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते, असं तो म्हणाला. कढईतल्या उलथन्याचा दांडा हळूहळू का तापतो, या उदाहरणाने देवस्थळी हे सगळं मंडळाला समजावणार होते. आठ पानं सरसर झाली होती. अडत होतं ते एका ठिकाणी. पॅरिसच्या बड्या गणित्यांनी फूरियेच्या निबंधावर शंका काढल्या, मांडणी पक्की नाही म्हणाले, निबंध छापला नाही. फूरिये त्यांच्यासमोर पुन्हा गेला. पत्रं लिहिली, उत्तरं दिली, पुन्हा निबंध पाठवला. बक्षीस मिळालं, तरी शंका राहिल्याच. पहिल्या निबंधानंतर पंधरा वर्षांनी त्याने ते सगळं पुस्तक म्हणून छापलं. हा परिच्छेद देवस्थळींनी चार वेळा लिहायला घेतला होता आणि चारही वेळा खोडला होता.

"मी जाऊन येतो," ते म्हणाले.

"गाडी मी काढू का?"

"नको. बसने जातो."

मार्लीन कोवाल्स्की साठीच्या आसपासच्या होत्या. स्वेटरच्या कोपरांना धूळ लागलेली. नाव ऐकताच त्या उठून उभ्या राहिल्या. "डॉक्टर देवस्थळी, तुम्ही स्वतः आलात. मला फार..."

"कृपा करून बसा," देवस्थळी म्हणाले. "असा प्रबंध नाही. तुम्ही काही हरवलेलं नाही. मी तो पूर्णच केला नव्हता."

त्यांना वाटलं होतं, बाई चिडेल. मार्लीन खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला.

"एकोणीस वर्षांत माझ्याकडून एकही गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "दोन रात्री झोप नाही मला."

"मी अपराधी आहे तुमचा."

"त्या मुलीला का नाही सांगितलंत?"

मार्लीननी वाट पाहिली. मग अहवालाचा कागद खणातून काढला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "मी लिहिते, तक्रार मागे घेतली. पण मागे तिने घ्यायला हवी. सही तिची लागेल."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर देवस्थळींना जिना उतरणं सोपं गेलं असतं.

ऋताची लॅब नॉर्थ कॅम्पसला होती. ती कॉरिडॉरमध्ये आली तेव्हा तिच्या कपाळावर संरक्षक चष्मा होता.

"काका? इथे? काकू ठीक आहेत ना?"

"ठीक आहे सगळं. बस जरा."

दोघं व्हेंडिंग मशीनशेजारच्या बाकावर बसले. देवस्थळींनी बसमध्ये वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आठवलं नाही.

"थीसिस हरवलेला नाही, ऋता. नव्हताच. मी पीएच.डी. नाही. अर्धवट सोडली."

ती हसली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू गेलं.

"पण सगळे तुम्हाला..."

"सगळ्यांना तसं वाटू दिलं मी."

"आणि बेसमेंटमधलं पाणी?"

"ते शनिवारी तुझ्यासमोरच सुचलं."

मशीनचा कॉम्प्रेसर घरघरला आणि बंद पडला.

"मला सांगितलं होतं तुम्ही, चौथ्या वर्षी सगळं कोसळलं होतं."

"कोसळलं होतं. तेवढं खरं."

"आणि पहिल्यापासून मांडलं, दीड वर्ष लागलं, पण झालं?"

देवस्थळींनी नकारार्थी मान हलवली.

"ते मी आरशात बघून स्वतःला सांगायचे, माहितीये?" तिचा आवाज बारीक झाला. "काकांचं झालं, माझं होईल. तिकीट कॅन्सल केलं मी त्याच्यावर. आईशी भांडले. मग मी कशाच्या जोरावर राहिले इथे?"

"तुझ्या स्वतःच्या."

"असं काही बोलू नका आता, प्लीज." ती उठली. "मी त्या बाईंना काय काय लिहिलंय, माहितीये तुम्हाला? तुम्ही लोक आमचं काम कचरा समजता, असं लिहिलंय. तिला, जी माझ्यासाठी बेसमेंटमध्ये..." तिने चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला. "माझं फर्नेस चालू आहे. मला जायला पाहिजे."

ती गेली. देवस्थळी बाकावर बसून राहिले. दोन विद्यार्थी येऊन मशीनमधून चिप्स घेऊन गेले, त्यांनी या म्हाताऱ्याकडे पाहिलंही नाही. आपण किती वेळ बसलो, हे देवस्थळींना कळलं नाही.

घरी येऊन त्यांनी सांता क्लाराला मुलीला फोन लावला. आश्लेषा ऑफिसात होती. त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं.

"डझ आई नो?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून."

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला होता. "माझ्या वेडिंग कार्डवरपण होतं, बाबा," ती मराठीत म्हणाली, आणि मग, "ओके. मी रात्री बोलते." रात्री फोन आला तो शुभाताईंना. देवस्थळी शेजारच्या खोलीतून ऐकत होते. त्यांना बोलावणं आलं नाही.

मंडळाचा सचिव संजय मात्र फोनवर मोकळेपणाने हसला. "अहो काका, एवढंच ना? मला वाटलं भाषण कॅन्सल करताय. काय फरक पडतो यार! प्रोग्रॅमचे कागद छापून झालेत, ऐंशी कॉप्या. राहू द्या डॉक्टर. कोण विचारतंय?"

"मला नाही चालणार."

"आता रिप्रिंट कोण करणार काका? बरं, बघू."

बघू म्हणजे काय ते देवस्थळींना कळलं. ऋताचा शनिवारी फोन आला नाही, तीही आली नाही. शुभाताईंनी भात केला नाही.

रविवारी तीनचं भाषण होतं. देवस्थळी आणि शुभाताई दीड वाजताच शाळेच्या हॉलवर पोचले. दाराशी टेबलावर कार्यक्रमाचे गुलाबी कागद गठ्ठ्याने ठेवले होते. 'उष्णतेचं गणित : फूरिये, एक आयुष्य. वक्ते : डॉ. चंद्रशेखर देवस्थळी.' देवस्थळींनी कोटाच्या खिशातून पेन काढलं, खुर्ची ओढली आणि पहिल्या कागदावरचा 'डॉ.' खोडला. नीट, एका आडव्या रेघेने, मागचं टिंबही राहणार नाही असा. मग दुसऱ्यावरचा. विसावा झाला तेव्हा शुभाताईंनी शेजारी खुर्ची घेतली, पर्समधून स्वतःचं पेन काढलं आणि उरलेल्यातला अर्धा गठ्ठा पुढ्यात ओढला. संजय खुर्च्या मांडत होता. त्याने एकदा बघितलं, जवळ आला, आणि मग परत खुर्च्यांकडे गेला.

माणसं येऊ लागली. "नमस्कार डॉक्टर," कोणीतरी म्हणालं. देवस्थळींनी नमस्कार केला आणि खोडलेला कागद हातात दिला. काहींनी वाचला, काहींनी घडी करून खिशात टाकला. चारुदत्त कुलकर्णी कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले, मग बायकोच्या कानाशी लागले. देवस्थळींनी मान खाली घातली नाही. घालावीशी वाटत होती.

वक्त्यांचा परिचय ऋता करून देणार होती. ती येणार नाही हे देवस्थळींनी धरूनच ठेवलं होतं. तीन वाजून पाच मिनिटांनी संजय माइककडे निघाला, तेवढ्यात मागचं दार उघडलं. ऋता सरळ पुढे आली. कोट अंगावर, गळ्याशी बटण लावलेलं, हातात एक कागद. तिने देवस्थळींकडे बघितलं नाही.

"चंद्रशेखर देवस्थळी एकाहत्तर साली सांगलीहून इथे आले," ती वाचू लागली. "त्यांनी पीएच.डी. सुरू केली होती. ती पूर्ण झाली नाही. एकतीस वर्षं त्यांनी गिअरच्या कारखान्यात हीट ट्रीटमेंटचं काम केलं. लोखंड कसं तापतं आणि कसं थंड होतं हे त्यांना या हॉलमध्ये सगळ्यात जास्त कळतं. मी हे त्यांच्याकडून शिकले." ती थांबली. कागदावर अजून एक ओळ असावी. ती तिने वाचली नाही. कागदाची घडी घातली. "आज ते फूरियेबद्दल बोलतील."

टाळ्या पडायला जरा वेळ लागला. पडल्या त्याही विस्कळीत, निरनिराळ्या कोपऱ्यांतून. ऋता मधल्या वाटेने मागे गेली आणि दाराशी उभी राहिली.

देवस्थळी उठले. माइक उंच होता, तो त्यांनी खाली केला. पहिल्या दोन ओळी वाचून होईपर्यंत संजयने पाणी आणून ठेवलं. शिंप्याचं दुकान झालं, तुरुंग झाला, इजिप्त झालं. मग तो परिच्छेद आला. सकाळी त्यांनी तो पाचव्यांदा लिहिला होता, चारच ओळी.

"बड्या लोकांनी त्याची चूक दाखवली," ते म्हणाले. "तो उठून गेला नाही."

त्यांनी पान उलटण्यासाठी मान वर केली. ऋता दाराशीच होती. कोट तिने काढून हातावर घेतला होता.